राजाचा हुकूम आणि वर्गमूळ



दहावीच्या वर्षात गणिताच्या वहीत एक पान असं येतं, की शेजारी बसून अभ्यास घेणारी आई किंवा बाबा वही हळूच मुलाकडे परत सरकवतात. पानभर वर्गमूळाची चिन्हं, प्रत्येक चिन्हाच्या पोटात एक अपूर्णांक, अंशात अक्षरं, छेदातही अक्षरं, त्यांच्या डोक्यावर घातांक. आणि सूचना एवढीच, की सोपं रूप द्या. इथे तमिळनाडूत दहावीच्या पुस्तकात बीजगणिताच्या प्रकरणात हा भाग येतो. महाराष्ट्रात नववीला करणी आणि छेदाचं परिमेयीकरण शिकवतात, तिथून हीच वाट सुरू होते.

मी तंजावूरला राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलांना गणित शिकवते. एकोजीराजांच्या काळापासून इथे स्थायिक झालेली काही मराठी घरं त्यांत आहेत. त्या घरांतली मुलं आजीशी मराठीत बोलतात, दाराबाहेर तमिळमध्ये भांडतात आणि वहीत इंग्रजी लिहितात. त्यांचे आईवडील मला जे सांगतात, तेच पुण्याचे, नांदेडचे, बेळगावचे पालकही सांगत असतील याची मला खात्री आहे. "मिस, आमचं गणित केव्हाच सुटलं. आता तुम्हीच काय ते बघा." आणि पाठोपाठ, मुलाच्या देखत, "आमच्या घरात गणित कुणाच्याच डोक्यात शिरत नाही."

हे दुसरं वाक्य तेवढं बोलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाच्या मनात ते घर करतं. पुढे गणित अडलं की मूल ते सोडवायला बसत नाही, वारशाने मिळालेलं दुखणं म्हणून सोडून देतं. आणि पहिल्या वाक्याबद्दल सांगायचं तर, तुमचं बीजगणित सुटलं असलं तरी तुम्हाला मुलाला मदत करता येते. ती कशी, हेच आज बोलायचं आहे.

माझ्याकडच्या एका मुलीने परवा उदाहरण सोडवलं. वर्गमूळाच्या आत अंशात क्ष² + ९ आणि छेदात य² होतं. तिने एका ओळीत उत्तर लिहिलं: (क्ष + ३)/य. विचारलं, कसं केलंस? म्हणाली, "वर्ग आणि वर्गमूळ कटतात ना मिस, क्ष² चा क्ष, नऊचे तीन, य² चा य." हात इतका सराईत चालला होता, की अशी पंचवीस उदाहरणं तिने त्याच झपाट्याने सोडवली असती.

मी तिला चूक म्हटलं नाही आणि बरोबरही म्हटलं नाही. म्हटलं, क्ष च्या जागी ४ घाल, य च्या जागी १. तिने मूळ उदाहरणात आकडे घातले. चाराचा वर्ग १६, त्यात ९, झाले २५, वर्गमूळ ५. मग स्वतःच्या उत्तरात घातले. चार अधिक तीन, सात. पाच आणि सात ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःहून विचारलं, "मग छेदातल्या य ला चाललं, ते वर का नाही चाललं?"

या प्रश्नासाठी तिला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत. उत्तर तिच्याच हातात होतं. क्ष + ३ चा वर्ग करून बघ म्हटल्यावर तिने क्ष² + ६क्ष + ९ लिहिलं आणि मधल्या ६क्ष वर बोट ठेवलं. क्ष ४ असताना हे सहापट म्हणजे २४. आणि सातचा वर्ग ४९ वजा २५ म्हणजे नेमके २४. गुणाकाराचा किंवा भागाकाराचा वर्ग केला की मधे असं काही उपटत नाही. अ/ब चा वर्ग सरळ अ²/ब² होतो, म्हणून उलट येताना वर्गमूळही अंशाला आणि छेदाला वेगवेगळं लागू होतं. बेरीज मात्र वर्गमूळाच्या आत गाठ मारलेल्या गाठोड्यासारखी असते. ती आधी अवयवांत सुटली, तरच आत हात घालता येतो. क्ष² + ६क्ष + ९ असतं तर ते सुटलं असतं. क्ष² + ९ सुटत नाही, ते तसंच आत ठेवायचं, आणि सोपं रूप म्हणून तेवढंच लिहायचं.

यात माझ्याकडून काय झालं ते बघा. "आकडा घालून बघ," एवढंच मी म्हटलं. हे म्हणायला बीजगणित यावं लागत नाही. तुम्ही भाजी निवडताना म्हणू शकता. क्ष च्या जागी एखादा सोपा आकडा घाल, आधीच्या ओळीत घाल, नंतरच्या ओळीत घाल, दोन्हीकडे तेच येतं का ते मला सांग. शून्य आणि एक हे आकडे मात्र टाळायला सांगा, कारण त्यांनी पुष्कळ चुका झाकल्या जातात. वरच्या उदाहरणात क्ष शून्य धरला असता, तर चुकीचं उत्तरही जुळलं असतं. य मी १ धरला, कारण तिथे आम्हाला काही तपासायचं नव्हतं. एक आकडा जुळला म्हणजे उत्तर सिद्ध झालं असंही नाही. पण एक आकडा जरी जुळला नाही, तरी ते उत्तर नक्की चूक. वहीवर तांबडी रेघ मारायला तुमची गरजच उरत नाही, आकडाच ते काम करतो.

त्या मुलीच्या 'का' साठी आता थोडं राजवाड्यात येऊ. पर्यटक येतात ते दरबार महाल आणि कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती बघायला. त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत, अतोनात वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडी कागद, युरोपातून मागवलेली पुस्तकं. १९१८ पासून ते सर्वांना खुलं झालं. या ग्रंथालयाने आपल्या ग्रंथमालेत १९५८ साली एक पुस्तक छापलं, 'बीजपल्लव'. संपादक टी. व्ही. राधाकृष्ण शास्त्री. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथावरची ही टीका, लिहिणारे कृष्ण दैवज्ञ. यांचं घराणं आपल्या विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पुढे ते काशीला गेलं. कृष्ण दैवज्ञांनी सन १६०० च्या सुमारास हे लिहिलं आणि जहांगीर बादशहाच्या दरबारात त्यांना मान होता.

या पुस्तकाचं मोल असं, की त्यात नियम सांगून पुढे जात नाहीत. प्रत्येक नियमाची उपपत्ती देतात, म्हणजे हे असं का, ते मांडतात. मधेच एक शंका घेणारा उभा राहतो आणि त्याला उत्तर दिलं जातं. ऋण संख्येला वर्गमूळ नाही असं भास्कराचार्य म्हणतात, त्या ठिकाणी हा शंकेखोर विचारतो, की ऋण संख्या कुणाचाच वर्ग नाही असं का म्हणायचं, तशी काही राजाची आज्ञा आहे काय? कृष्ण दैवज्ञ त्याच्यावर चिडत नाहीत. त्याचं म्हणणं मान्य करतात, आज्ञा नाहीच. मग त्यालाच उलट विचारतात, की बाबा रे, ती कुणाचा वर्ग आहे ते तूच सांग. धन संख्येचा म्हणशील तर धन गुणिले धन हे धनच येतं. ऋण संख्येचा म्हणशील तर ऋण गुणिले ऋण हेही धन येतं. राहिलं कोण?

बादशहाच्या दरबारात ऊठबस असलेला माणूस राजाची आज्ञा हे गणितात कारण मानत नाही, आणि हे पुस्तक छापलं जातं तेही एका राजवाड्याच्या आवारातून, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझं आजचं सगळं म्हणणं यात आलं. मुलाने "असं का?" म्हटलं, की आपण पटकन म्हणतो, "नियम आहे. सरांनी सांगितलंय तसं कर." हाच तो राजाचा हुकूम. दहावीच्या वर्षात वेळ नसतो, परीक्षा तोंडावर असते, हे मला कळतं. पण हुकमाने शिकलेलं वर्गमूळ मूल कुठेही चालवतं, गुणाकारावर चालवतं तसंच बेरजेवरही. कारण ते कुठे थांबतं हे हुकमात लिहिलेलं नसतं, ते कारणात असतं.

कृष्ण दैवज्ञांचं तेच उत्तर वहीतल्या दुसऱ्या एका खोड्यालाही लागू पडतं. वर्गमूळाच्या आत (क्ष² − ६क्ष + ९)/क्ष² आहे. अंशाचे अवयव पडतात, क्ष − ३ चा पूर्ण वर्ग. मुलं लिहितात (क्ष − ३)/क्ष. पुस्तकात मात्र उत्तराच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा असतात. त्या रेघा म्हणजे केवलमूल्य, चिन्ह सोडून नुसता आकार. मुलांना त्या सजावट वाटतात आणि अर्धा गुण गेला की ती हळहळतात. क्ष च्या जागी १ घालायला सांगा. (इथे एक चालतो, तो काही झाकत नाही.) आत एक वजा सहा अधिक नऊ, चार, छेद एक, वर्गमूळ दोन. मुलाच्या उत्तरात मात्र उणे दोन. उणे दोनचा वर्गही चारच, म्हणून वर्ग करताना चिन्ह हरवतं, आणि परत येताना ते कुठलं होतं हे कळायला मार्ग राहत नाही. रेघा त्यासाठी.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तीही मुलांपासून लपवू नये. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन्ही मुळं असतात, असं भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. मग आज √४ म्हटलं की फक्त दोनच का? कारण ते चिन्ह शून्य किंवा धन मुळासाठीच वापरायचं, असं गणितज्ञांनी आपसांत ठरवलं आहे. हा संकेत आहे, त्यामागे उपपत्ती नाही, सोय आहे. अ/ब चं वर्गमूळ अंशाला आणि छेदाला वेगवेगळं घेता येणं हा मात्र संकेत नव्हे, ते सिद्ध करता येतं. मुलाच्या "का?" ला कधीकधी "असं ठरलंय" हे खरं उत्तर असतं. फक्त ते तिथेच द्यावं, जिथे ते खरं आहे. मुलांना हा फरक छान कळतो, आणि एकदा कळला की बाकीच्या नियमांची कारणं ती हक्काने मागतात.

आता छेदातल्या वर्गमूळाबद्दल. "छेदात करणी ठेवायची नाही" हा शाळेतला सर्वात हुकमी वाटणारा हुकूम. याचं कारण शोधायला 'लीलावती' उघडावी. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, लीलावती ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. लीलावतीत एक काटकोन त्रिकोण आहे, दोन्ही बाजू सव्वातीन, आणि कर्ण काढायचा. सव्वातीन म्हणजे १३/४. दोन वर्गांची बेरीज १६९/८. अंशाचं वर्गमूळ सुरेख १३ येतं, पण छेदातला आठ अडून बसतो.

भास्कराचार्य काय करतात ते कागद घेऊन बघा. अंश आणि छेद यांचा गुणाकार करा, १६९ गुणिले ८ म्हणजे १३५२. त्याला एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणा, त्यांनी १०,००० घेतले, म्हणजे शंभरचा वर्ग. झाले १,३५,२०,०००. याचं जवळचं वर्गमूळ ३६७७. त्याला छेद आठ गुणिले शंभर, म्हणजे ८०० ने भागा. कर्ण ४ पूर्णांक ४७७/८००. दशांशात ४.५९६२५. आजचं गणकयंत्र ४.५९६१९ दाखवतं. फरक नगण्य, आणि हे सगळं पाटीवर.

अंश आणि छेद दोघांना छेदानेच गुणलं, की छेद पूर्ण वर्ग होतो आणि वर्गमूळातून सुखरूप बाहेर पडतो. मग एकच वर्गमूळ काढावं लागतं, आणि भागायचं ते साध्या पूर्ण संख्येने. १ ला √२ ने, म्हणजे १.४१४२१ ने भागून बघा, आणि मग १.४१४२१ चे निम्मे करून बघा. दोन्हींचं उत्तर एकच, कष्ट किती वेगळे! छेदातली करणी घालवायची ती यासाठी. मुलाच्या वहीतलं उदाहरण याच घाटाचं असतं. वर्गमूळाच्या आत ३अ/८ब. आठ ब ला पूर्ण वर्ग करायला आठ ब नेच गुणायची गरज नाही, २ब पुरतो, १६ब² होतो. अंशात ६अब. बाहेर आलं √(६अब) भागिले ४ब, आणि ब भोवती उभ्या रेघा. अ ६ आणि ब १ घाला, दोन्हीकडे दीड. मग अ उणे ६ आणि ब उणे १ घाला. आतला अपूर्णांक तोच राहतो, उत्तर दीडच यायला हवं. रेघा विसरल्या असतील तर उणे दीड येईल. शिवाय आधीच घाईने वर्गमूळ अंशाला आणि छेदाला वाटून टाकलं असेल, तर दोन्हीकडे ऋण संख्यांची वर्गमुळं येऊन गाडी अडेल. वर्गमूळ वाटून घेताना अंश ऋण नको आणि छेद धन हवा, ही पुस्तकातल्या कंसातली बारीक ओळ तिथे का आहे, हे मुलाला त्या क्षणी कळतं.

तंजावूरहून कुंभकोणम जवळच आहे, आणि तिथल्या शाळेत शिकलेल्या रामानुजनचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे गणिताची गोष्ट पुरी होत नाही. मला मात्र पालकांशी बोलताना आठवतात ते दिवाण बहादूर आर. रामचंद्र राव. नेल्लोरचे कलेक्टर आणि भारतीय गणित परिषदेचे सचिव. १९१० च्या अखेरीस रामानुजन वह्या घेऊन त्यांच्याकडे गेला. राव यांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की तो जे सांगत होता ते शहाणपणाचं आहे की निरर्थक, हे आपल्याला ठरवता येईना. तरी त्यांनी त्याला वाटेला लावलं नाही, पुन्हा ये म्हणाले. पुढच्या भेटीत रामानुजनने त्यांचा आवाका ओळखून सोप्या गोष्टींपासून सुरुवात केली आणि पायरीपायरीने त्यांना वर नेलं. मग राव यांनी त्याला दरमहा मदत सुरू केली.

आपलं मूल रामानुजन नसेल, नसू दे. पण "मला हे कळलं नाही, पुन्हा सांग, सोप्यापासून सांग," असं म्हणणारं मोठं माणूस प्रत्येक मुलाला घरात मिळू शकतं. तुम्हाला गणित येत नाही ही इथे अडचण नाहीच, उलट सोय आहे. मूल तुम्हाला समजावताना थांबतं, मागे जातं, कागद मागतं, आणि अडलं की त्याचं त्यालाच कळतं की आपल्याला नुसता हुकूम पाठ होता. माझ्याकडच्या काही मुलांना मी मुद्दाम सांगते, की हे घरी आजीला सांगून या, घरातल्या मराठीत. जी सांगून येतात, त्यांना त्या भागावर मी फारसं काही शिकवायचं राहत नाही.

येत्या रविवारी करून बघण्यासारखं एक उदाहरण देते. हेही भास्कराचार्यांचंच. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढावं, तेवढे भुंगे मालतीच्या झाडाकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांश तेही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकलेला, आणि बाहेर त्याला साद घालणारी त्याची जोडीदारीण. तर थव्यात किती?

मुलाला विचारा, थवा क्ष धरला तर काय होतं? क्ष/२ चं वर्गमूळ येतं, तेच आपलं वहीतलं अडलेलं चिन्ह. आता थांबा. त्याला सुचेपर्यंत काही बोलू नका. नाहीच सुचलं तर विचारा, असं काय धरलं की निम्मं केल्यावर पूर्ण वर्ग होईल? 'बीजगणिता'त भास्कराचार्यांनी थवा क्ष न धरता २य² धरला आहे. निम्मे य², वर्गमूळ य, आणि चिन्ह गेलं. य म्हणजे मालतीकडे गेलेले भुंगे, तो धनच, म्हणून इथे रेघांचीही गरज नाही. पुढे नऊने गुणून आवरलं की २य² − ९य − १८ = ० येतं, दहावीच्या मुलाच्या हातचं वर्गसमीकरण. य सहा. थवा ७२. पडताळा तोंडी होतो: ३६ चं मूळ ६, ७२ चे आठ नवमांश ६४, आणि ते दोघं.

पण समीकरणाला दुसरं उत्तरही आहे, य = −३/२, म्हणजे थवा साडेचारचा. ते मूल बहुतेक न बघताच खोडून टाकेल. ते का खोडलं, हे त्याला विचारा. "भुंगे साडेचार कसे असतील?" असं म्हणालं तर शाबासकी द्या, आणि पुढे विचारा, की समजा भुंगे नसते, साडेचार चालले असते, तरी हे उत्तर टिकलं असतं का? साडेचार मूळ उदाहरणात घालून बघायला सांगा.